अकरा चिंचोके

‘‘फ्रूगल म्हणजे उधळ्या,’’ आई म्हणाली आणि जीपच्या खिडकीबाहेर बघत राहिली.

‘‘खोटं. काटकसरी.’’

‘‘पकडलंस.’’

तिने मांडीवरच्या रुमालाची गाठ सोडली, एक चिंचोका माझ्या तळहातावर ठेवला आणि गाठ पुन्हा घट्ट मारली. समोरच्या बाकावरचा फेटेवाला म्हातारा बराच वेळ आमच्याकडे टक लावून बघत होता. आमचं काय चाललंय ते त्याला कळत नव्हतं, आणि विचारायची त्याला लाज वाटत होती.

दारव्ह्याहून यवतमाळला जाणारी ती काळीपिवळी जीप. दहा जणांच्या जागेत आम्ही चौदा जण. मे महिना, सकाळचे साडेअकरा, आणि पत्र्याला हात लावला तर चटका बसेल असं ऊन. मी सतरा वर्षांची होते. पुण्यातल्या एका ट्रस्टची शिष्यवृत्ती होती : राहणं, जेवण, तीन वर्षांची फी, सगळं. आमच्या भागातून चाळीस मुलं बोलावली होती आणि त्यांतून तिघं घेणार होते. मुलाखत दोन वाजता, यवतमाळच्या अलीकडच्या एका कॉलेजात. आदल्या वर्षी जाऊन आलेल्या एका मुलीकडून आईने माहिती काढली होती, की तिथे एकामागून एक इंग्रजी शब्द विचारतात आणि अर्थ सांगताना अडखळलं की पुढच्याला बोलावतात.

बाबा गेल्यावर आई गावातल्या वाचनालयात कामाला लागली होती. कुलूप उघडायचं, पेपर लावायचे, पुस्तकं देऊन-घेऊन नोंदी करायच्या. तिथे तपकिरी पुठ्ठ्याची एक जाडजूड इंग्रजी डिक्शनरी होती. ती घरी न्यायला बंदी होती आणि तिथे बसून कुणी वाचत नव्हतं. आईने सहा वर्षं ती डिक्शनरी रोज दुपारी थोडी थोडी उतरवली. पुस्तकांच्या कॅटलॉगची रद्द झालेली कार्डं तिच्या हाताशी असायची, खाली गोल भोक असलेली. त्यांच्या कोऱ्या बाजूवर वर शब्द, खाली अर्थ, आणि अगदी तळाशी आमच्या घरातलं एक वाक्य. ‘टॅसिटर्न’ म्हणजे मितभाषी, या कार्डावर तिने लिहिलं होतं : हर्षाचे बाबा टॅसिटर्न होते, पण माझ्याशी नाही. अशी चारशे बारा कार्डं तिने परकराच्या नाडीत ओवून ठेवली होती.

खेळसुद्धा तिचाच. तिचं म्हणणं असं, की बरोबर अर्थ दहादा ऐकला तरी कान पेंगतो. चुकीचा ऐकला की मन खडबडून उठतं. म्हणून ती शब्दाचा अर्थ मुद्दाम चुकीचा सांगायची आणि मी तो पकडून बरोबर अर्थ सांगायचा. पकडला तर तिने ‘पकडलंस’ म्हणायचं आणि चिंचोका द्यायचा. नियम दोनच. एक, चेहरा हलता कामा नये. आईचा चेहरा तर असा, की ती ‘साखर खारट असते’ म्हणाली असती तरी दुकानदाराने पुडा परत घेतला असता. दुसरा, कुणालाही कंटाळा आला, राग आला, काही झालं, तर ‘खेळ बंद’ म्हणायचं. ‘खेळ बंद’ म्हटलं की समोरच्याने लगेच कानाची पाळी धरायची आणि खरं बोलायचं. आईने हा नियम एकदाही मोडला नव्हता, भांडणातसुद्धा.

जीपमध्ये ती माझ्या कानाशी वाकून म्हणाली, ‘‘आज मी तुला फार घोळात घेणार बरं का, हर्षू. तिथले साहेब असेच घेतील. मी काहीही बोलले तरी डगमगायचं नाही. आपलं उत्तर द्यायचं आणि पुढे जायचं.’’

मी हो म्हटलं.

माझ्याकडे सात चिंचोके झाले तेव्हा जीपच्या पुढून वाफ यायला लागली. ड्रायव्हरने शिव्या देत बॉनेट उघडलं, आणि कुणाकडे पाणी आहे का म्हणून विचारलं. आईने आमची बाटली काढून दिली. जवळजवळ भरलेली होती. मला तहान लागलीय का, असं तिने डोळ्यांनीच विचारलं. मी नुकतीच प्याले होते, म्हणून मान हलवली. ड्रायव्हरने ती सगळी बाटली रेडिएटरमध्ये रिकामी केली. जीप एकदा खोकली आणि तिथेच बसली.

मागून दुसरी गाडी येईल म्हणून वीस मिनिटं उभे राहिलो. दोन आल्या, पण दोन्हींच्या टपावरसुद्धा माणसं होती. आईने माझ्या मनगटावरचं घड्याळ आपल्याकडे वळवून बघितलं. पाऊण वाजत आला होता. कॉलेज तिथून तीन-साडेतीन किलोमीटर, सरळ रस्ता. ती म्हणाली, चालत गेलो तरी वेळेच्या आधी पोचू, तोंडावर पाणी मारायलाही वेळ मिळेल. फेटेवाला म्हातारा म्हणाला, ‘‘या उन्हात नोका जाऊ, माय.’’ आईने त्याला हसून हात जोडले.

छत्री एकच होती आणि ती आईने माझ्यावर धरली. निघताना तिने स्वतःच्या पिशवीतला कांदा काढून माझ्या पर्समध्ये घातला. ऊन लागू नये म्हणून आमच्याकडे कांदा जवळ ठेवतात. मी म्हटलं, मुलाखतीत पर्स उघडली तर वास येईल. ती म्हणाली, येऊ दे, साहेब जागे राहतील.

रस्त्यावर कुणी नव्हतं. दोन्ही बाजूंना नांगरून ठेवलेली काळी रानं, आणि पुढे डांबरावर पाणी साचल्यासारखं चकाकायचं. जवळ गेलं की ते पाणी नसायचं. आईने दोन शब्द विचारले, मी दोन्ही पकडले, आणि माझे नऊ चिंचोके झाले.

मग ती म्हणाली, ‘‘ऑब्स्टिनेट म्हणजे तांदूळ.’’

मला हसू आलं. एवढं सोपं तिने कधी दिलं नव्हतं. ‘‘खोटं. हट्टी.’’

ती ‘पकडलंस’ म्हणाली नाही. पुढे बघत चालत राहिली. मला वाटलं, हेच ते घोळात घेणं. मी तिच्या हातातल्या रुमालाची गाठ सैल केली आणि चिंचोका स्वतःच घेतला.

‘‘सॉलिट्यूड म्हणजे,’’ ती म्हणाली आणि थांबली, ‘‘गुरुवारी येतात ते.’’

‘‘खोटं. एकांत.’’ आणखी एक चिंचोका.

मी खुशीत होते. मला खरंच वाटत होतं, की माझी आई जगातली सगळ्यात हुशार शिक्षिका आहे. ती अर्थाच्या जवळपासचं खोटं सोडून पार भलतंच बोलत होती, आणि मी एकदाही अडखळत नव्हते. ‘एफेमरल’ म्हणजे मंगलकार्यालय. खोटं, क्षणभर टिकणारं. ‘लेथार्जी’ म्हणजे पेपर आले का. खोटं, सुस्ती. ती मला ‘सुमनताई’ म्हणाली. सुमनताई म्हणजे तिची मोठी बहीण, मी जन्मायच्या आधीच वारलेली. मी त्यावरही डगमगले नाही. ‘‘सुमनताई नाही, हर्षा,’’ असं साहेबांना सांगावं तसं मी तिला ठणकावून सांगितलं आणि त्याचाही चिंचोका घेतला.

माझा ड्रेस पाठीला चिकटला होता. आईच्या कपाळाकडे लक्ष गेलं, तर ते कोरडं ठणठणीत. पोलक्याची बाहीसुद्धा कोरडी. तिला घाम कसा येत नाही याचा मला हेवा वाटला. छत्री कधीतरी माझ्या हातात आली होती, आणि ती उघड्या डोक्याने चालतेय हे माझ्या ध्यानात आलं नाही. ध्यानात आलं असतं तरी मी काय केलं असतं, कुणास ठाऊक. मी चिंचोके मोजत होते. जीपमधले आणि सुरुवातीचे मिळून नऊ, आणि त्यावर अकरा.

मग ती एका कडुनिंबाखाली न सांगता बसली. बसली म्हणजे खाली घसरलीच. चपला काढून तिने त्या नीट एकमेकींशेजारी ठेवल्या, देवळाबाहेर ठेवाव्यात तशा.

मला राग आला. सव्वा वाजून गेला होता. मी म्हटलं, पाच मिनिटं बस, मग मात्र उठायचं. ती वाचनालयाला कुलूप लावलं का, असं काहीतरी पुटपुटत होती. तिचा नाद सोडून मी कार्डांची नाडी बाहेर काढली. मला कच्चे असलेले शब्द आम्ही कोपरे दुमडून ठेवले होते. दुमडलेलं कार्ड आलं की वरचा शब्द वाचायचा, डोळे मिटायचे आणि अर्थ मोठ्याने म्हणायचा. ‘डिफिडन्ट’ झाला. पुढचा होता ‘डिलिरियम’. मी डोळे मिटले.

‘‘डिलिरियम. ताप किंवा अति उष्णता यांमुळे मनाची होणारी अवस्था. या अवस्थेत माणूस असंबद्ध बोलतो. त्याला वेळेचं, ठिकाणाचं भान राहत नाही. जवळच्या माणसांना तो...’’

पुढचं मला येत होतं. पण ते तोंडातून बाहेर आलं नाही. मी डोळे उघडले आणि कार्डाच्या तळाचं वाक्य वाचलं. आईच्या निळ्या शाईतलं : हर्षाला गोवर आला तेव्हा ती दोन दिवस डिलिरियममध्ये होती, मी कपाळाला हात लावला आणि ओळखलं.

मी तिच्या कपाळाला हात लावला. तवाच होता तो.

‘‘आई, खेळ बंद.’’

ती माझ्याकडे बघत होती. चेहरा हलला नाही.

‘‘आई, खेळ बंद म्हटलं मी. कान धर.’’

‘‘फ्रूगल,’’ ती म्हणाली. जीभ जड झाली होती. ‘‘फ्रूगल, सुमनताई.’’

तिसऱ्यांदा मी ‘खेळ बंद’ म्हटलं, आणि तिचा हात उचलून तिच्याच कानाला लावला. हात खाली पडला. तेव्हा मला जी भीती वाटली, तिला चारशे बारा कार्डांत नाव नव्हतं, आणि अजूनही मला सापडलेलं नाही. आईचा चेहरा माझ्यासमोर होता, डोळे उघडे होते, आणि त्या डोळ्यांच्या मागे कुणी नव्हतं. बाबा गेल्यापासून या जगात मला जे एक माणूस होतं, ते असं माझ्या समोर बसून निघून चाललं होतं, आणि मी त्याला उत्तरं देत इथवर चालवत आणलं होतं.

पुढे दोनेकशे पावलांवर एक पत्र्याची टपरी दिसत होती आणि बाहेर टायरं टांगलेली होती. आईला उचलून नेणं मला जमणार नव्हतं. तिला सोडून जायला पाय उचलत नव्हता. मी छत्री उघडून तिच्या डोक्याशी ठेवली, वाऱ्याने उडू नये म्हणून दांड्यावर दगड ठेवला आणि धावले. धावताना मी तीनदा मागे वळून पाहिलं. तिसऱ्यांदा पाहिलं तर ती आडवी झाली होती.

टपरी पंक्चरची होती आणि चालवणारी एक बाई होती, बेबीबाई. चाळिशीची, साडीवर पुरुषी शर्ट घातलेली, कोपरापर्यंत काळे हात. टरबुजांनी भरलेल्या एका टेम्पोच्या जादा चाकाचं पंक्चर ती काढत होती. मी काय बोलले ते मला आठवत नाही, पण तिने पाना खाली ठेवला आणि टायरं ओढायची हातगाडी घेऊन माझ्याआधीच चालायला लागली. आम्ही आईला त्या गाडीवर घातलं. बेबीबाईने तिच्या गालाला हात लावून फक्त ‘‘ऊन लागलं तिले’’ एवढंच म्हटलं.

टपरीत लोखंडाची एक टाकी होती, ट्यूब बुडवून बुडबुडे बघायची. त्यातलं काळपट पाणी बेबीबाईने डबड्याने आईच्या मानेवर, काखेत, पोटावर ओतायला सुरुवात केली. मी प्यायचं पाणी घेऊन आईच्या तोंडाशी न्यायला गेले, तर तिने माझा हात धरला.

‘‘पाजू नको. शुद्धीत नाही ना ते. नरड्यात गेलं म्हणजे?’’ मग डबडं न थांबवता तिने विचारलं, ‘‘किती वेळापासून अशी बरळून रायली?’’

मी म्हटलं, ‘‘आत्ताच. आत्ताच सुरू झालं.’’

बेबीबाईने माझ्याकडे एकदा बघितलं. 

टेम्पोवाल्याला तिने सांगितलं, की चाकाचं मग बघू, आधी दवाखान्यात चल. तिने विचारलं नाही, सांगितलं. आईला आम्ही टरबुजांवर झोपवलं आणि भिजवलेलं पोतं तिच्या अंगावर टाकलं. बेबीबाई पुठ्ठ्याने वारा घालत होती. आईचे हात मध्येच ताठ व्हायचे आणि सुटायचे. मी रडत होते बहुतेक, कारण बेबीबाई म्हणाली, ‘‘रडू नको. तिच्यासंग बोलत राय. तुया आवाज गेला पायजे तिच्या कानात.’’

काय बोलू? ‘आई, आई’ म्हणून झालं. मग मी खेळ सुरू केला, उलटा.

‘‘फ्रूगल म्हणजे उधळ्या,’’ मी म्हटलं आणि थांबले. तिने पकडायचं होतं.

टेम्पो खड्ड्यांतून उडत होता. टरबुजं एकमेकांवर आपटत होती.

‘‘सॉलिट्यूड म्हणजे जत्रा.’’

काही नाही.

‘‘एफेमरल म्हणजे कायम टिकणारं. आई, कायम टिकणारं, असं म्हणतेय मी.’’

कॉलेजचं गेट आलं. बाहेर मंडप होता आणि त्याखाली मुलं ओळीने बसली होती. त्यांच्या पालकांच्या हातांत पाण्याच्या बाटल्या होत्या. मी तिकडे बघितलंच नाही, असं म्हणणार नाही. बघितलं. मग गेट मागे गेलं आणि मी पुढचा शब्द घेतला. दवाखाना येईपर्यंत मी जेवढी खोटी वाक्यं बोलले, तेवढी सबंध आयुष्यात कधी बोलले नाही. तिने त्यातलं एकही पकडलं नाही.

सरकारी दवाखान्यात त्यांनी तिला बर्फाच्या लाद्यांमध्ये ठेवलं. तरुण डॉक्टर होते, डोळ्यांखाली काळं आलेलं. त्या दिवसातली ती त्यांची सातवी केस, असं कुणीतरी म्हणालं. त्यांनी कागद पुढे ओढून विचारलं, की बडबड कधी सुरू झाली, किती वेळ झाला.

बेबीबाई माझ्या शेजारी उभी होती.

‘‘पाच मिनिटं,’’ मी म्हटलं. ‘‘बडबडायला लागली आणि मी लगेच ओळखलं. लगेच घेऊन आले.’’

त्यांनी ते लिहिलं आणि म्हणाले, ‘‘शाबास. लगेच ओळखलंस म्हणून आशा आहे.’’

पाच मिनिटं नव्हती. ‘ऑब्स्टिनेट म्हणजे तांदूळ’पासून कडुनिंबापर्यंत अर्धा तास तरी गेला होता, आणि तो अर्धा तास मी हसत होते. खरी वेळ सांगितली असती तर त्यांनी काही वेगळं केलं असतं का? पुढे कितीतरी वर्षांनी मी हे एका डॉक्टरांना विचारलं, दुसऱ्याच कुणाची गोष्ट म्हणून. ते म्हणाले, उपचार तेच असतात. पण तेव्हा मला ते माहीत नव्हतं. तीन दिवस त्या बाकड्यावर बसून मला एकच गोष्ट माहीत होती, की मी डॉक्टरांना खोटा अर्थ सांगितलाय आणि तो कुणी पकडलेला नाही. कितीदा तरी उठले खरं सांगायला. खोलीच्या दारापर्यंत जाऊन परत आले.

शेजारच्या काकू संध्याकाळी आल्या, तेव्हा कळलं की आईने त्या दिवशी कडक उपास धरला होता. मी मुलाखत देऊन बाहेर येईपर्यंत पाण्याचा थेंब घेणार नाही, असं ती त्यांना म्हणाली होती. बाटली तिने माझ्यासाठी आणली होती. आणि नंतर ती ड्रायव्हरला देऊन टाकली होती.

दुसऱ्या दिवशी मी पर्स दवाखान्यामागच्या नाल्यात रिकामी केली. वीसच्या वीस चिंचोके गेले, कांदाही गेला.

तिसऱ्या दिवशी दुपारी आईने डोळे उघडले. बराच वेळ छताकडे बघून तिने पहिला शब्द उच्चारला तो ‘‘कुलूप’’. मी म्हटलं, लावलंय. तिने मान हलवली आणि झोपली. नर्स हसली, आणि मी त्या लोखंडी कॉटच्या पायाशी बसून जे रडले ते रडतच राहिले.

आई वाचली. चालताना तोल जायचा तो कायमचा राहिला, भिंतीला हात लावत चालते. जीभ जड झाली, वाक्य संपवायला वेळ लागतो. चार महिन्यांनी ती परत वाचनालयात गेली. शिष्यवृत्तीला पुढच्या वर्षी माझं वय बसलं नाही, मी यवतमाळलाच शिकले, आणि आता तिथल्याच एका शाळेत इंग्रजी शिकवते. आई आमच्याकडेच असते.

घरी आल्यावर तिने कार्डं मोजली आणि म्हणाली, एक कमी आहे. ‘डिलिरियम’चं कार्ड मी त्या झाडाखाली ओरबाडून काढलं होतं. तिने नवीन लिहिलं, थरथरत्या अक्षरात, अर्धा दिवस लावून. वर शब्द, मध्ये अर्थ, आणि तळाशी : यवतमाळच्या रस्त्यावर हर्षाने मला लगेच ओळखलं.

डॉक्टरांच्या कागदावरून ते तिच्याकडे आलं होतं आणि मग ते सगळीकडे गेलं. नातेवाइकांत, वाचनालयात, माझ्या लग्नाच्या बैठकीत. माझ्या लेकीने लगेच ओळखलं. पाच मिनिटांत. मी मान खाली घालायचे, आणि लोकांना तो विनय वाटायचा. आईची चारशे खोटी मी पकडली असतील. तेवढं एक पकडलं नाही.

माझी मुलगी नभा झोपली की तासभर मिळतो, त्यात हे लिहितेय. ती चार वर्षांची आहे, आणि आजीने तिला खेळ शिकवलाय, मराठीतला. मुंगी म्हणजे केवढी मोठी. मीठ किती गोड. मी स्वयंपाकघरात असते आणि माझे हात चालत असतात, पण आईने काही चुकीचं म्हटलं की हात थांबतात. नभा ‘खोटं’ म्हणून ओरडते. माझे हात तेव्हाही थांबलेलेच असतात. मग आईचा तो सावकाश, जड ‘पकडलंस’ येतो आणि चिंचोका वाटीत पडल्याचा आवाज होतो. मग मी पोळी उलटते. सोळा वर्षं झाली. मे महिन्यात तर मी दिवसातून दहादा काहीतरी निमित्त काढून तिच्या कपाळाला हात लावते. ती लावू देते.

परवा सकाळी नभाने आजीला विचारलं, की ती भिंत धरून का चालते. आईने सगळी गोष्ट सांगितली. जीप, बाटली, टरबुजं. टरबुजांवर नभा खूप हसली.

‘‘मग आईने काय केलं?’’

‘‘तुझ्या आईने,’’ आई म्हणाली, ‘‘लगेच ओळखलं. पाच मिनिटांत.’’

मी कणकेचे हात घेऊन दारात आले होते. कशी आले ते माहीत नाही.

‘‘खोटं,’’ मी म्हटलं.

आईने वर बघितलं. चेहरा हलला नाही. ‘‘मग बरोबर काय ते सांग.’’

नियम तसाच होता. नुसतं ‘खोटं’ म्हणून भागत नाही.

‘‘अकरा वेळा,’’ मी म्हटलं. ‘‘अकरा वेळा भलतंच बोललीस तू. मला वाटलं खेळतेस. मी हसत होते, आई. दर वेळी तुझ्या हातातला चिंचोका काढून घेतला. अर्धा तास. मग ओळखलं.’’

ती माझ्याकडे बघत राहिली. कडुनिंबाखाली बघत होती तशीच.   नभा एकदा माझ्याकडे, एकदा आजीकडे बघत होती.

आईने वाटीत बोटं घातली. बोटं थरथरतात, म्हणून एक चिंचोका धरायला तिला दोनदा प्रयत्न करावा लागला. तो तिने माझ्या कणकेने भरलेल्या तळहातावर ठेवला आणि माझी मूठ स्वतःच्या हाताने मिटली.

‘‘पकडलंस.’’

मी मूठ तशीच धरून तिच्यासमोर खाली बसले.

‘‘दवाखान्यातून आल्यावर रुमाल सोडला होता मी,’’ ती एकेक शब्द जुळवत म्हणाली. ‘‘चाळीस होते. नऊ मी दिले, ते मला आठवत होते. रुमालात वीसच उरले होते. मधले अकरा मी दिलेच नव्हते.’’

म्हणजे तिला सोळा वर्षं माहीत होतं. सोळा वर्षं ती ते वाक्य, चेहरा न हलवता, माझ्यासमोर ठेवत होती.

नभा मात्र नाराज झाली. तिचं म्हणणं, आईला चिंचोका का दिला, आई तर खेळतसुद्धा नव्हती.

आईने तिला मांडीवर ओढून घेतलं.

‘‘फार अवघड होता तो,’’ ती म्हणाली.